नंबर मेनलाइनचा, खुर्ची ईगलची : एका ज्येष्ठता-कराराचे प्रकरण

हे प्रकरण कशाबद्दल आहे

अमेरिकन एअरलाइन्स आणि तिच्याच मालक कंपनीची प्रादेशिक विमानसेवा अमेरिकन ईगल यांच्या वैमानिकांना १९९७ मध्ये एका कराराने जोडले गेले. चांगल्या दिवसांत ईगलच्या वैमानिकाने वर जायचे आणि वाईट दिवसांत अमेरिकनच्या वैमानिकाने खाली यायचे, अशी ही सोय होती. चार वर्षांत वाईट दिवस आले आणि या सोयीतूनच पुढे दशकभर चाललेला वाद उभा राहिला. कंपन्या, संघटना आणि निवाडे ही सार्वजनिक नोंदीतली माहिती असल्याने त्यांची नावे दिली आहेत. वैमानिकांची नावे दिलेली नाहीत. कोण कोणत्या यादीत कुठे होता, एवढेच या प्रकरणाला पुरेसे आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या विमानसेवेत वैमानिकाचे जवळजवळ सगळे आयुष्य सीनिऑरिटी नंबरवर ठरते. कोणते विमान मिळणार, कॅप्टनची डावी खुर्ची कधी मिळणार, कोणत्या शहरातून ड्यूटी, महिन्याचे वेळापत्रक, दिवाळीसारख्या सणाला सुट्टी मिळणार की नाही, हे सगळे त्या नंबरच्या क्रमाने मागितले आणि मिळवले जाते. आपल्याकडच्या सरकारी खात्यांतली सेवाज्येष्ठता यादी डोळ्यांसमोर आणली तर कल्पना येते. फरक एवढाच की तिथे हा क्रम बढतीपुरता मर्यादित नसून रोजच्या जगण्यात शिरलेला असतो. आणि तो कंपनीबाहेर चालत नाही. वीस वर्षे उड्डाण केलेला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला की यादीच्या तळाशी, उजव्या खुर्चीत, नवख्याच्या पगारावर बसतो.

मंदी आली की कपातही याच यादीने होते. शेवटी आलेला आधी घरी जातो. या कपातीला 'फर्लो' म्हणतात. फर्लोवर गेलेल्या वैमानिकाचे नाव यादीतून जात नाही. कंपनीला पुन्हा माणसे लागली की त्याच क्रमाने परत बोलावणे येते, म्हणजे 'रिकॉल'. ते कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. दरम्यान दुसरीकडे पायलटची नोकरी मागायला गेले तर काही कंपन्या आधी जुन्या कंपनीतला परतीचा हक्क सोडून यायला सांगत.

१९७८ मध्ये अमेरिकेने विमानसेवेवरचे सरकारी नियंत्रण काढले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी छोट्या शहरांची उड्डाणे प्रादेशिक कंपन्यांकडे सोपवायला सुरुवात केली. अमेरिकन ईगल हे नाव १९८४ पासून वापरात आले. विमानावरचा रंग, तिकीट, विमानतळावरचा काउंटर सगळे अमेरिकनचे, पण कॉकपिटमधले दोघे वेगळ्या कंपनीचे, वेगळ्या पगाराचे आणि वेगळ्या यादीतले. पुढे दोन्हींची मालकी एएमआर कॉर्पोरेशनकडे होती. मेनलाइनच्या, म्हणजे मूळ अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांची संघटना अलाइड पायलट्स असोसिएशन, म्हणजे एपीए. ती १९६३ मध्ये एअर लाइन पायलट्स असोसिएशनमधून, म्हणजे अल्पामधून फुटून निघाली होती. ईगलचे वैमानिक मात्र अल्पाचे सदस्य होते. मालक एक, पण याद्या दोन आणि संघटनाही दोन.

ईगलकडे पंख्याची विमाने होती तोवर हे निभावले. १९९०च्या दशकात ५० ते ७० आसनांची छोटी जेट विमाने आली आणि मेनलाइनच्या वैमानिकांना धोका दिसला. उद्या ही जेट कमी पगाराच्या वैमानिकांनी उडवली तर आपली उड्डाणे तिकडे सरकत जातील, ही ती भीती होती, आणि ती निराधार नव्हती. एपीएने ही जेट आपल्याच वैमानिकांनी उडवावीत अशी मागणी धरली. १५ फेब्रुवारी १९९७च्या मध्यरात्री संप सुरू झाला. अर्ध्या तासाच्या आत राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी रेल्वे लेबर ॲक्टखाली (हा कामगार कायदा विमानसेवांनाही लागू आहे) आणीबाणी मंडळ नेमून तो थांबवला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सरळ होता : दोन्ही याद्या एक करायच्या. ईगलमध्ये लागलेला तरुण त्याच यादीत वर सरकत एक दिवस मोठ्या विमानात पोहोचेल. व्यवस्थापनाला हे नको होते, कारण प्रादेशिक कंपनी वेगळी ठेवण्याचा सगळा हेतूच कमी खर्चाचा होता. मेनलाइनच्या वैमानिकांनाही नको होते, कारण ईगलमधल्या जुन्या कॅप्टनला कोणत्या जागी घालायचे हा प्रश्न कुणालाच सोडवायचा नव्हता. पुढे डेल्टा या दुसऱ्या मोठ्या विमान कंपनीच्या बाबतीतही हेच झाले. कोमएअर आणि एएसए या प्रादेशिक कंपन्यांच्या वैमानिकांनी याद्या जोडण्याची मागणी केली, आणि तिथे तर दोन्ही बाजूंचे वैमानिक अल्पाचेच असूनही ती मागणी पुढे गेली नाही. त्यातून वैमानिकांनी स्वतःच्याच संघटनेवर खटला भरला.

दुसरा पर्याय म्हणजे 'स्कोप' कडक करायचा. प्रादेशिक कंपनीने किती आसनांची किती विमाने चालवायची याची मर्यादा मेनलाइनच्या करारात लिहिलेली असते. तिलाच स्कोप म्हणतात. पण स्पर्धक कंपन्या जेट मागवत असताना एएमआर गप्प बसणार नव्हती.

उरला तिसरा : याद्या वेगळ्याच ठेवायच्या आणि त्यांच्यामध्ये एक दार ठेवायचे. अमेरिकन, ईगल, एपीए आणि अल्पा या चौघांनी हा पर्याय घेतला.

पहिला निर्णय : १९९७चा करार

हा करार अमेरिकनच्या कराराला 'सप्लिमेंट डब्ल्यू' आणि ईगलच्या कराराला 'लेटर थ्री' म्हणून जोडला गेला. मजकूर एकच, कपाटे दोन. छोटी जेट ईगल उडवेल हे त्यातून मान्य झाले. त्याच वर्षी एएमआरने ४२ एम्ब्रेअर १४५ आणि २५ सीआरजे-७०० विमानांची मागणी नोंदवली.

बदल्यात दोन प्रवाह आखले गेले. अमेरिकन नवी भरती करील तेव्हा दर दोन जागांतली एक ईगलच्या जेट कॅप्टनला देऊ करायची, हा फ्लो-थ्रू. आणि अमेरिकनमध्ये फर्लो झाला तर कपात झालेल्या वैमानिकाने ईगलमध्ये येऊन जेट कॅप्टनची खुर्ची घ्यायची, हा फ्लो-बॅक.

यात एक बारकावा होता आणि पुढची अर्धी भांडणे त्यातूनच निघाली. ईगलला आपले प्रशिक्षित जेट कॅप्टन लगेच सोडायचे नव्हते, कारण प्रशिक्षणाचा खर्च झालेला असे. म्हणून वर जायची पाळी आलेल्या कॅप्टनला ठरावीक काळ ईगलमध्येच थांबावे लागे. त्याचे नुकसान होऊ नये म्हणून त्याला अमेरिकनच्या यादीत त्याच दिवशी नंबर मिळे. नंबर मेनलाइनचा, खुर्ची ईगलची. तेजीच्या काळात हे अगदी न्याय्य दिसले.

ईगलच्या वैमानिकांनी याची किंमतही मोजली. त्याच वर्षी त्यांनी सोळा वर्षांचा, संपाचा हक्क बाजूला ठेवणारा करार स्वीकारला. पगाराचे वाद लवादाकडे जाणार होते. एवढा लांब करार तेव्हाही असाधारण होता आणि वर जायचे दार उघडे आहे या भरवशावर तो पटवला गेला. पण ते दार ज्या करारावर उभे होते त्याची मुदत २००८ मध्ये संपणार होती. बंधन सोळा वर्षांचे आणि त्याचा मोबदला जेमतेम अकरा वर्षांचा. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय हाच. त्यावर सही झाली तेव्हा कंपनी नफ्यात होती, आणि नफ्याच्या वर्षात मुदतीकडे कोण पाहतो?

दुसरा निर्णय : ईगलच्या कॅप्टनचा

कराराने प्रत्येक जेट कॅप्टनसमोर एक वैयक्तिक निवड ठेवली. अमेरिकनमध्ये जाण्याची संधी आली तर ती घ्यायची किंवा सोडायची. सोडली तर तो 'ईगल राइट्स' कॅप्टन ठरे. आयुष्यभर ईगलमध्येच राहायचे, पण फर्लो झालेला मेनलाइनचा वैमानिक त्याची खुर्ची घेऊ शकत नसे. घेतली तर वरचा नंबर हाती येई आणि त्याचबरोबर आपली सध्याची खुर्ची रिकामी करावी लागण्याची शक्यताही.

समजा एका कॅप्टनचे वय चाळीशीच्या पुढचे आहे, मुले शाळेत आहेत, डॅलसजवळ घर घेतले आहे. वर गेला तर पुन्हा तळापासून सुरुवात, सुरुवातीची वर्षे कमी पगार, पण पुढे मोठे विमान. २००० मध्ये बसून हा हिशोब करणाऱ्याला जागा भराभर भरल्या जाताना दिसत होत्या. बहुतेक तरुण कॅप्टनांना नंबर घेणे हाच शहाणपणाचा मार्ग वाटणे स्वाभाविक होते. मंदी आली तर कोणता मार्ग सुरक्षित, हे कुणी त्यांना मांडून दाखवायला हवे होते. करारात दोन्ही शक्यता लिहिलेल्या होत्या, पण त्यांचा एकत्र अर्थ लावून सांगणारे कुणी नव्हते.

अडचण उभी राहते

एप्रिल २००१ मध्ये एएमआरने दिवाळखोरीतल्या ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सची, म्हणजे टीडब्ल्यूएची मालमत्ता घेतली. सुमारे २,३०० वैमानिक आले. त्यांच्या ज्येष्ठांना गुणोत्तराने यादीत मिसळले, पण जवळजवळ निम्मे सरळ तळाशी जोडले गेले. वैमानिकांच्या भाषेत 'स्टेपल' केले गेले. दहा वर्षांहून अधिक सेवा झालेले वैमानिक काही महिन्यांपूर्वी लागलेल्या अमेरिकनच्या वैमानिकाच्या खाली गेले. चौघांच्या १९९७च्या करारात अशा प्रसंगाचा विचारच नव्हता. विलीनीकरणातून आलेला वैमानिक हा 'नवी भरती' की नाही? तो नवी भरती असेल तर दर दोन जागांतली एक ईगलची, या नियमाचे काय?

मग ११ सप्टेंबर. अपहरण झालेल्या चार विमानांपैकी दोन अमेरिकनची होती. प्रवासी कमी झाले, विमाने उभी राहिली, फर्लो सुरू झाला. २००२ मध्ये एएमआरचा तोटा ३५० कोटी डॉलर होता. एप्रिल २००३ मध्ये दिवाळखोरी टाळण्यासाठी वैमानिकांनी वर्षाला ६६ कोटी डॉलरची सवलत दिली, आणि त्याच महिन्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या खास लाभांची बातमी फुटल्यावर प्रमुख डॉन कार्टी यांना जावे लागले. सेंट लुइसमधली टीडब्ल्यूएची जुनी उड्डाणे त्या वर्षी जवळजवळ निम्म्यावर आली. फर्लो झालेल्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास गेली. तळापासून कपात होत असल्याने तिचा मोठा भार स्टेपल झालेल्या टीडब्ल्यूएच्या वैमानिकांवर पडला.

याच काळात ईगलची जेट मात्र वाढत होती. मेनलाइनचा घरी बसलेला वैमानिक आपल्याच जुन्या मार्गावर ईगलचे विमान जाताना पाहत होता, आणि ईगलचा वैमानिक आपल्या खुर्चीकडे वरून येणारी रांग पाहत होता. दोघांचीही तक्रार खरी होती. ती एकमेकांविरुद्ध लढली गेली, याचे मला आजही वाईट वाटते. दोघांचा मालक एकच होता.

काय केले गेले

फ्लो-बॅक सुरू झाला. फर्लोवरचे वैमानिक ईगलमध्ये थेट कॅप्टन म्हणून येऊ लागले. वरून आलेल्या एका माणसामागे खाली एक साखळी हलते. ज्याची जेट कॅप्टनची खुर्ची गेली तो पंख्याच्या विमानावर कॅप्टन किंवा जेटवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या खुर्चीतला सहवैमानिक होतो. त्याच्या खालचा फर्स्ट ऑफिसर आणखी खाली सरकतो, त्याचे शहर बदलते, सुट्ट्या जातात. कॅप्टन होण्याची वाट पाहणाऱ्याची वाट काही वर्षांनी लांबते. या शेवटच्या माणसाला करारात कोणताही हक्क नव्हता. वर जायचा नंबर जेट कॅप्टनलाच मिळे, आणि कॅप्टन होण्याचे दार तर वरून आलेल्यांनी भरलेले. प्रादेशिक कंपनीतल्या फर्स्ट ऑफिसरचा त्या काळातला पगार इतका कमी होता की अनेक जण खोली वाटून राहत. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळल्यानंतर अशा पगारांची आणि दमणुकीची चर्चा अमेरिकी संसदेत पोहोचली, पण तेव्हा या साखळीला आठ वर्षे होत आली होती.

नंबर मिळालेल्या ईगल कॅप्टनांची अवस्था वेगळी होती. थांबायचा काळ संपला, पण वर भरतीच नव्हती. अमेरिकनच्या यादीत नाव, ईगलच्या विमानात नोकरी, अशी त्यांची वर्षे गेली. त्यात डिसेंबर २००७ मध्ये वैमानिकांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६५ करणारा कायदा आला. वरचे ज्येष्ठ पाच वर्षे अधिक थांबणार म्हणजे खालचे सगळेच पाच वर्षे अडणार.

अल्पाने ईगलच्या बाजूने तक्रारी दाखल केल्या. रेल्वे लेबर ॲक्टच्या चौकटीत करारातल्या शब्दाच्या अर्थाचा वाद 'किरकोळ' समजला जातो. त्यावर संप करता येत नाही, लवादाकडे जावे लागते. एखाद्याच्या कारकिर्दीची दहा वर्षे ज्यावर अवलंबून आहेत त्या वादाला कायद्याच्या भाषेत किरकोळ म्हणतात आणि तो किरकोळ वादाच्याच गतीने चालतो. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांना नवी भरती मानायचे का, या मूळ प्रश्नावर २००७ मध्ये पंचांनी ईगलच्या वैमानिकांच्या बाजूने कौल दिला. तोवर फर्लो सुरू होऊन पाच वर्षांहून अधिक काळ गेला होता. त्यानंतर भरपाई कशी करायची यावर पुन्हा सुनावण्या, आणि २००८ मध्ये मूळ कराराचीच मुदत संपली.

परिणाम

अमेरिकनने २००७ मध्ये रिकॉल सुरू केला, मंदीत तो पुन्हा अडखळला. ईगलच्या अडकलेल्या कॅप्टनांपैकी काही जण २०१० मध्ये मेनलाइनच्या प्रशिक्षणवर्गात पोहोचले. जाताना त्यांच्या मागे हक्काची दहा वर्षे आणि पुढे निवृत्तीपर्यंत उरलेली कमी वर्षे होती. नोव्हेंबर २०११ मध्ये एएमआरने दिवाळखोरीचा अर्ज केला.

यादी जोडली जात असताना आपली बाजू नीट मांडली नाही म्हणून टीडब्ल्यूएच्या वैमानिकांनी तेव्हाच्या आपल्याच संघटनेवर, म्हणजे अल्पावर, खटला भरला. २०११ मध्ये न्यू जर्सीतल्या ज्यूरीने अल्पाने कर्तव्यभंग केला असे ठरवले आणि पुढे ५ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याआधीच, डिसेंबर २००७ मध्ये, मिझुरीचे सिनेटर क्लेअर मॅककॅस्किल आणि किट बाँड यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती मंजूर झाली होती : विलीनीकरणात ज्येष्ठता याद्या न्याय्य पद्धतीने जोडायच्या आणि जमले नाही तर लवादाकडे जायचे. टीडब्ल्यूएच्या अनुभवाने एक कायदा झाला, हे मोठेच. मात्र तो दोन कंपन्या एकत्र होताना लागू होतो. एकाच मालकाच्या मेनलाइन आणि प्रादेशिक कंपनीमधल्या दाराबद्दल तो काही बोलत नाही. तिथे सगळे पुन्हा करारावरच सोडलेले आहे.

ईगलचे नाव २०१४ मध्ये एन्व्हॉय झाले. तिथून अमेरिकनमध्ये जाण्याचा प्रवाह पुढे पुन्हा सुरू झाला आणि वैमानिकांची टंचाई आली तेव्हा तो भरतीच्या जाहिरातीतला मुख्य मुद्दा बनला. १ ऑक्टोबर २०२० रोजी कोविडमुळे अमेरिकनमध्ये पुन्हा फर्लो झाला, सुमारे १,६०० वैमानिकांचा. या वेळी सरकारी पगार-मदत डिसेंबरमध्ये पुन्हा मिळाली आणि ते काही आठवड्यांत परत यादीवर आले. त्याच वर्षी ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या प्रादेशिक कंपन्या बंदच पडल्या. त्यांच्या वैमानिकांना परतीचा हक्क मागायला यादीच उरली नाही.

भारतातला एक संदर्भ

मुंबईतल्या वाचकांना २०१२चा संप आठवत असेल. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, पण वैमानिकांच्या याद्या आणि संघटना वेगळ्याच राहिल्या. ड्रीमलायनर विमानाच्या प्रशिक्षणात इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना वाटा देण्यावरून इंडियन पायलट्स गिल्ड या मूळ एअर इंडियाच्या संघटनेच्या वैमानिकांनी मे २०१२ मध्ये काम थांबवले आणि ते जवळजवळ दोन महिने चालले. दोन्हींचे कर्मचारी कसे एकत्र करायचे यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल त्याच वर्षाच्या सुरुवातीला आला होता, म्हणजे विलीनीकरणानंतर साडेचार वर्षांनी. तो वाद दोन मोठ्या कंपन्यांचा होता, मेनलाइन आणि प्रादेशिकचा नव्हे. तरी क्रम तोच : आधी व्यवहार, नंतर यादी.

वेगळे काय करता आले असते

करार लिहिताना चौघांनी एकच तालीम करायला हवी होती. यादी समोर ठेवायची, तळाचे दोन हजार लोक कमी झाले असे समजायचे आणि कोण कुठे जातो ते नावानिशी पाहायचे. एका दुपारचे काम होते. तेव्हाच दिसले असते की वरून येणाऱ्यांचा भार नंबर नसलेल्या फर्स्ट ऑफिसरवर पडतो आणि नंबर असलेला कॅप्टन दोन्हीकडे अडकतो.

'नवी भरती' या शब्दाची व्याख्या विलीनीकरणासकट लिहायला हवी होती. अमेरिकन विमानसेवांत १९८०च्या दशकापासून विलीनीकरणे होतच होती. १९९७ मध्ये ती अकल्पनीय नव्हती.

ईगलच्या बाजूने बोलायचे तर प्रवाहाची मुदत आणि संपबंदीची मुदत एकच ठेवणे ही किमान मागणी होती. प्रवाह थांबला तर संपबंदीही सैल व्हावी, एवढे एक कलम असते तर २००२ नंतर त्यांच्या हाती काही तरी राहिले असते. आणि नंबर देऊन थांबवून ठेवण्याला वरची मर्यादा हवी होती. ठरावीक महिन्यांत खुर्ची मिळाली नाही तर कॅप्टनला पुन्हा 'ईगल राइट्स' निवडता यावे, म्हणजे निदान आहे ती खुर्ची तरी जाऊ नये.

मेनलाइनचा फर्लो झालेला वैमानिक कॅप्टन म्हणूनच का यावा, हाही प्रश्न राहतो. एपीएचे उत्तर सरळ होते : पगारात फार घट नको आणि मोठ्या विमानाचा अनुभव आहेच. हे मला समजते. तरीही येणाऱ्यांना कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर अशा दोन्ही खुर्च्यांमध्ये वाटले असते आणि पगारातला फरक एएमआरने भरला असता, तर खालची साखळी इतकी हलली नसती. मालक दोन्ही कंपन्यांचा होता. फर्लोमुळे वाचलेल्या पगारातला काही भाग त्याच फर्लोने विस्थापित झालेल्या ईगलच्या वैमानिकांसाठी राखून ठेवायचा, असे कलम मागायला १९९७ची वेळ योग्य होती, कारण तेव्हा एएमआरला छोटी जेट हवी होती आणि त्यासाठी चौघांच्याही सह्या लागणार होत्या.